बासिलिसा जिवंत होती

इलोइलो शहर
१८ जानेवारी १९९४

प्रिय तिया पुरिंग,

तुझा हात माझ्या कपाळाला. नमस्कार पोचला समज; तुझ्या गुडघ्यांची चौकशी पुढच्या पत्रात करीन. आधी माझं ऐक.

गुरुवारपासून मला ड्यूटीवरून काढलंय. वसतिगृहात बसून आहे. बाहेर दिनाग्यांगच्या जत्रेच्या ढोलांचा सराव चाललाय आणि माझ्या डोक्यातही तेच चाललंय.

नर्सिंगच्या चौथ्या वर्षाला तुझ्या वेळी होतं तेच अजून आहे. प्रत्येकीच्या कार्डावर पाच बाळंतपणं, पाच नाळा, आणि दर केसखाली शिक्षिकेची सही. कार्ड भरलं तर बोर्डाच्या परीक्षेला बसायचं, नाही भरलं तर पुन्हा एक वर्ष. मग काय होतं ते तू पाहिलेलंच आहेस. एका बाळंतिणीभोवती आम्ही सातजणी उभ्या. बाळ कोण झेलणार, नाळ कोण बांधणार, हे तिला कळा येत असतानाच आम्ही वाटून घेतो. तिच्या तोंडाकडे बघायचं काम मात्र कुणाच्याच कार्डावर नसतं.

तेरा तारखेला दुपारी एक बाई आली. नेरिसा नाव, तुमच्याच बेटावरची, नुएवा व्हालेन्सियाची. नवरा मासेमारी करतो. सहावा महिना नुकताच संपलेला आणि कळा थांबेनात. तीनला दहा कमी असताना मुलगी झाली. माझ्या तळहातात मावली असती एवढी. पण रडली, तिया. मांजरीच्या पिलाएवढाच आवाज, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. डॉक्टर आले, त्यांनी छाती तपासली, फुप्फुसं तयार नाहीत म्हणाले. काचेची पेटी एकच आहे आणि तिच्यात दुसरं बाळ आहे. आता काही करण्यासारखं नाही, असं सांगून ते पलीकडच्या टेबलाकडे गेले. त्यांना मी दोष देत नाही.

शिक्षिका मिसेस पाल्मारेस माझ्या वर्गातल्या चेरिलला म्हणाल्या, नाळ बांधून घे पटकन, मग कापड घालून बाजूच्या खोलीत ठेव, आईला दाखवायचं नाही. चेरिलने नाळ बांधली. तिची पाचवी होती, कार्ड भरलं. आणि नेरिसा पडल्या पडल्या विचारत होती, ‘रडली ना? माझी मुलगी रडली ना?’ आम्ही सगळ्या मिठाची गुळणी धरून उभ्या. तिने माझ्याकडे बघितलं म्हणून मी सांगितलं, हो, रडली.

मग मी ते बाळ चेरिलच्या हातून घेतलं. दुसऱ्या वर्षी धर्माच्या तासाला आपल्याला शिकवतात ना, बाळ जगणार नसेल आणि पाद्रे जवळ नसतील तर कुणीही पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा, म्हणून. मी नेरिसाला नाव विचारलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. ‘बासिलिसा,’ म्हणाली, ‘माझ्या आईचं.’ मी तीनदा पाणी घातलं, जे म्हणायचं ते म्हटलं, आणि बाळ तिच्या छातीवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं मोजली. नेरिसाने तिची बोटं मोजली, कान पाहिले, कपाळ हुंगलं. मग बाळाचा श्वास थांबला. नेरिसाजवळ मी बसून राहिले. शेजारच्या टेबलावर माझी पाचवी केस जन्माला येत होती, ती दुसरीच्या कार्डावर गेली.

आता माझ्यावर आरोप असा की, मी शिक्षिकेचा हुकूम मोडला आणि बाळंतिणीला मानसिक धक्का दिला. फेब्रुवारीअखेर माफीपत्र द्यायचं, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाहीत.

आणि ऐक. डिसेंबरात आमच्या पेपरात प्रश्न होता, ‘सर्वांगीण शुश्रूषा म्हणजे काय? तिची पाच अंगे लिहा.’ शरीर, मन, भावना, श्रद्धा, कुटुंब. मला दहापैकी दहा. तपासणाऱ्या मिसेस पाल्मारेसच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वर ढेकर दिली नाही तर मार्क कापणार!

तू तिथे बावीस वर्षं शिकवलंस. पाल्मारेस तुझी विद्यार्थिनी. डीन तुझ्यासाठी अजूनही खुर्चीवरून उठतात. एक पत्र लिही त्यांना. एकच.

तुझी,
रोवेना

⁂

होर्दान, गिमारास
२४ जानेवारी १९९४

इंदाय,

पोरी, तुझं पत्र मानोंग सिंप्लिसियोने होडीतून आणलं, ते निम्मं खाऱ्या पाण्यात भिजून. अक्षर वाचता आलं नाही तिथे राग वाचला, तो काही पुसला गेला नव्हता. गुडघे बरे आहेत.

आता तूही ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तू चुकलीस. बाळ आईजवळ दिलंस म्हणून म्हणत नाही. शिक्षिकेच्या देखत, भर प्रसूतिगृहात, तिचा शब्द ओलांडलास म्हणून म्हणते. उद्या एखादीला वाटेल इंजेक्शन द्यावं, परवा एखादीला वाटेल देऊ नये. दवाखाना म्हणजे काही गावजत्रा नव्हे, ज्याने त्याने आपला ढोल बडवायला.

आणि आईला दाखवू नये, हा नियमही काही आकाशातून पडलेला नाही. जगणारच नाही असं बाळ हातात घेतलेल्या आया मी पाहिल्यात. तू एक पाहिलीस. त्यातली एक तर महिनाभर रिकामं दुपटं घेऊन झोपत होती. पाहिलंच नाही तर विसरणं सोपं जातं, असं म्हणणाऱ्यांनीही काही बघूनच म्हटलेलं असतं. कडू औषध देणारा वैरी नसतो.

तेव्हा माफीपत्र दे. चार ओळी लिहायच्या आणि खाली सही करायची. आम्ही नोकरीत यापेक्षा मोठे घास गिळलेत आणि पचवलेत. तुला पुढे चाळीस वर्षं रुग्णांची सेवा करायची आहे, ती एका दुपारपायी घालवू नकोस. माझ्या भावाने, तुझ्या बापाने, मला विचारलं तर मी काय तोंड दाखवू?

डीनना लिही म्हणू नकोस. निवृत्त माणसाने जुन्या घराच्या खिडकीतून डोकावू नये. पण एक करते. नुएवा व्हालेन्सियाला जाणारी जीपनी आमच्या दारावरूनच जाते. मी स्वतः त्या नेरिसाला भेटून येते. तिला काय वाटतं ते तिच्याच तोंडून ऐकू. ती गरीब बाई म्हणेल, झालं ते झालं, त्या पोरीचं नुकसान नको. मग तुझ्या मनाला टोचणार नाही आणि तू सही करशील.

वाळवलेले मासे पाठवलेत. वसतिगृहातलं खाऊन माणसाचा राग वाढतो, हे मला अनुभवाने माहीत आहे.

तुझी तिया,
पुरिफिकासिओन

⁂

इलोइलो शहर
३ फेब्रुवारी १९९४

तिया,

तू म्हणालीस चार ओळी लिहायच्या. लिहायच्या कुठे? त्यांनी टाइप करून आणल्या होत्या. काल कॉलेजच्या समितीपुढे बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. उतरवून देते: ‘मृतावस्थेत जन्मलेले बालक मी परवानगीविना मातेच्या अंगावर ठेवले व तिला मानसिक धक्का दिला, याबद्दल मी क्षमा मागते.’

मृतावस्थेत जन्मलेले.

मी म्हटलं, ती जिवंत जन्मली. तर त्यांनी दवाखान्याचं रजिस्टर दाखवलं. तिथेही तेच लिहिलेलं. नेरिसाला घरी जाताना दिलेल्या दाखल्यावरही तेच. कारण काय, तर जिवंत लिहिलं की जन्माचा कागद आला, मृत्यूचा कागद आला, पेटी एकच का याचं उत्तर आलं, बाळाला काय उपचार केले याचं उत्तर आलं. मेलेली जन्मली म्हटलं की एका ओळीत सगळ्यांचे हात कोरडे.

आता गंमत बघ. चेरिलच्या कार्डावर तेरा तारखेची केस आहे: ‘नाळेची शुश्रूषा. मुलगी, जिवंत. दोन वाजून बावन्न मिनिटे.’ खाली मिसेस पाल्मारेसची सही. तसं लिहावंच लागतं, मेलेल्या बाळाची नाळ कार्डात धरत नाहीत. म्हणजे आमची बासिलिसा कार्डासाठी जिवंत आणि दाखल्यासाठी मेलेली. तिचं जे कॉलेजला हवं होतं ते काढून घेतलं, उरलेली पुसून टाकली. लाज कशी वाटत नाही माणसांना?

तू म्हणशील, मग ते कार्ड टाक समितीपुढे. नाही टाकलं. ती केस रद्द झाली की चेरिलचंही वर्ष गेलं. आंतिकेच्या डोंगरातून आलेली पोर ती, तिने सांगितलं तेवढंच केलं. आता जेवताना माझ्यासमोर बसत नाही. पण तिला बुडवून मला तरायचं नाही. मी फक्त माझं सांगितलं: मी तिथे होते, ती रडली, ती अकरा मिनिटं होती, या कागदावर मी सही करणार नाही.

त्यावर मिसेस पाल्मारेसनी नियमांची जुनी पुस्तिका उघडली. पान अकरा. मोठ्याने वाचलं: ‘न जगणारे बालक त्वरित झाकून मातेच्या दृष्टीआड न्यावे. मातेच्या प्रश्नांना उत्तर देऊ नये. तिला ते सहन होत नाही.’ मी विचारलं, हे कुणी ठरवलं? कुठल्या आईला विचारलं होतं? त्यांनी पुस्तिका उलटी केली आणि पहिलं पान माझ्यापुढे धरलं. ‘संकलन: पी. गालोन, १९६८.’

समितीतले सगळे माझ्या नावाच्या पट्टीवरच्या ‘गालोन’कडे बघायला लागले. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू सगळं पत्र लिहिलंस, मासे पाठवलेस, कडू औषधाच्या गोष्टी सांगितल्यास, आणि औषध तुझ्याच हातचं आहे एवढंच सांगितलं नाहीस. ‘असं म्हणणाऱ्यांनी’ म्हणे! म्हणणारी तू! मला घास गिळायला सांगत होतीस, कारण तो तूच रांधला होतास. मी लहान असताना मला ताप आला की तू रात्ररात्र मांडीवर घेऊन बसायचीस. तुला बघून मी नर्स व्हायला निघाले. तीच बाई सकाळी कामावर जाऊन आयांच्या प्रश्नांना उत्तर देऊ नये असं लिहीत होती?

कपाळाला हात लावल्याशिवाय पत्र संपवतेय. राग उतरला की लावीन.

रोवेना

⁂

होर्दान, गिमारास
१९ फेब्रुवारी १९९४

इंदाय रोवेना,

पंधरा दिवस लिहिलं नाही. तुझा राग आला म्हणून नव्हे. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा स्वतःची वकिली करून उठले. ती पत्रं चुलीत गेली.

तुझं पत्र वाचण्याआधीच मी नेरिसाकडे जाऊन आले होते. तुझ्यासाठी सुटकेचा शब्द आणायला गेले होते, हे तुला माहीत आहेच. समुद्राकाठी बांबूचं घर, अंगणात मासे वाळत घातलेले. सासूने मला बसवलं, नारळाच्या पानात गुंडाळलेला चिकट भात पुढे केला आणि नेरिसा बाहेर यायच्या आतच सगळं सांगून टाकलं. मेलेलंच झालं हो, कागदावर लिहिलंय, ही उगाच म्हणते रडली म्हणून. बाळंतिणीच्या डोक्यात वारं जातं. गावातही सगळे हेच म्हणतात.

नेरिसा आली. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं म्हणाली. छातीला कापड घट्ट बांधून घेतलं, तरी आठवडाभर अंगरखा भिजत होता. दूध उतरलेल्या बाईला सगळं गाव सांगत होतं की तुला काही झालंच नाही. बाळ कुठे पुरलंय ते दाखवायला तिने मला नेलं. स्मशानाच्या भिंतीच्या बाहेर, जिथे बाप्तिस्मा नसलेल्यांना पुरतात तिथे. मेलेल्या बाळाचा बाप्तिस्मा होत नाही आणि दाखला म्हणतो ती मेलेली जन्मली. नवऱ्याने होडीच्या फळ्यांची पेटी केली होती. भिंतीला लागूनच खड्डा घेतलाय, होईल तेवढा जवळ. भिंतीच्या आतल्या बाजूला तिच्या आईची कबर आहे.

मी मनात ठरवून गेलेलं बोलायला तोंड उघडलं. झालं ते झालं, असं काहीतरी. तर ती म्हणाली, ‘तुम्ही नर्स होता ना? मग मला सांगा. मेलेलं बाळ बोट धरतं का?’

मी म्हटलं, ‘नाही धरत.’

‘माझं धरलं होतं. ती मुलगी नसती ना, तर मी वेडीच झाले असते. एवढ्या बायकांत तिने एकटीने सांगितलं, रडली म्हणून.’

तिथून परत आले तेव्हा मला माझं पान अकरा पाठ म्हणता येत होतं. घरी तुझं पत्र वाट बघत होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. कुठल्याही आईला विचारलं नव्हतं. १९६८ साली मी तेहतीस वर्षांची होते आणि एका महिन्यात माझ्या हातून चार बाळं गेली. चौथी बाई बाळ सोडेना. माझ्या अंगरख्याला धरून ओरडत राहिली, तासभर. त्यानंतर मला वॉर्डाच्या दारातून आत जायला भीती वाटायला लागली. पुढच्या आठवड्यात पुस्तिका लिहायची होती. मला सहन होत नव्हतं, इंदाय. आणि मी लिहिलं, मातेला सहन होत नाही. खोटं बोलताना निदान आपण खोटं बोलतोय हे माणसाला कळतं. मला तर ते शहाणपण वाटलं. छापून आलं, शिकवलं, परीक्षेत विचारलं. ते रिकामं दुपटं घेऊन झोपणारी बाई मी तुला सांगितली ना, तिने बाळ पाहिलेलंच नव्हतं. पंचवीस वर्षं मी तिची गोष्ट उलटी सांगत आलेय.

त्या कापडाखाली किती बाळं नेली ते परवा मोजायला बसले. मध्येच सोडून दिलं.

डीनना पत्र टाकलंय, नक्कल सोबत आहे. पान अकरा माझं आहे, ते चुकीचं आहे, फाडून टाका, आणि ज्या मुलीने ते मोडलं तिला शिक्षा करण्याआधी ते लिहिणारीला समितीपुढे बोलावा. एवढंच लिहिलंय. आता जुन्या घराच्या खिडकीतूनच काय, दारातून आत जायची तयारी आहे.

आणखी एक, ते तुला सांगावं की नाही यावर दोन दिवस घातले. नेरिसाच्या गावच्या पाद्रेंना मी विचारलं. ते म्हणाले, ज्याने पाणी घातलं त्याने सहीनिशी लिहून दिलं, की बाळ जिवंत होतं आणि अमुक दिवशी अमुक नावाने मी बाप्तिस्मा दिला, तर नोंदवहीत नाव लिहिता येईल. मग बासिलिसाला भिंतीच्या आत आणता येईल. म्हणजे कॉलेजला जे नको आहे नेमकं तेच लिहून द्यायचं. परिणाम काय होईल ते तुला कळतं. मी दे म्हणत नाही, देऊ नको असंही म्हणत नाही. या बाबतीत सल्ला द्यायचा माझा हक्क मी घालवून बसलेय.

पुरिंग

⁂

इलोइलो शहर
२७ फेब्रुवारी १९९४

प्रिय तिया पुरिंग,

तुझा हात माझ्या कपाळाला. राग उतरलाय असं समजू नकोस, पण त्याचा रोख बदललाय.

तुझं पत्र समितीत वाचलं गेलं. कुणीतरी म्हणालं, वयाप्रमाणे माणूस हळवं होतं. मग ठराव झाला. पान अकरावर विचार करायला एक उपसमिती. आणि जूनपासून ‘करुणा’ या विषयाची दोन तासांची व्याख्यानं, शेवटी दहा मार्कांची चाचणी. शिकवणार मिसेस पाल्मारेस. मी हसले, तेही माझ्या वर्तनाच्या नोंदीत चढलं. माफीपत्राची मुदत उद्या संपतेय. बाहेर कुणालाही काही लिहून दिलंस तर चौथं वर्ष पहिल्यापासून कर, असं डीननी तोंडी सांगितलं. तोंडीच, कागदावर नाही. कागदाची किंमत त्यांना बरोबर कळते.

काल मिसेस पाल्मारेस जिन्यात भेटल्या. बाजूने निघून गेल्या, मग थांबल्या. म्हणाल्या, ‘ती खरंच अकरा मिनिटं होती का?’

मी म्हटलं, ‘मॅडम, तुम्ही तिथेच होतात.’

‘मी बघत नव्हते,’ त्या म्हणाल्या. ‘तुझ्या तियानेच शिकवलं मला, कसं बघायचं नाही ते. वर्गात मी त्यात पहिली होते.’ आणि खाली उतरून गेल्या. सही मागे घ्यायला किंवा रजिस्टर बदलायला काही गेल्या नाहीत. मला त्यांची दया आली आणि ती आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

सोबत माझं निवेदन आहे. कोर्टाबाहेरच्या नोटरीसमोर सही केली. बाळ जिवंत होतं, रडत होतं, मी पाणी घातलं, बासिलिसा नाव ठेवलं, वेळ, तारीख, सगळं आहे. नाळ कुणी बांधली ते लिहिलेलं नाही, कुणी विचारलंही नाही. तू लवकर पाद्रेंकडे ने. बाबांना मी सांगीन, तू मध्ये पडू नकोस.

भीती वाटतेय, हे तुझ्यापाशी कबूल करते. माझ्या मैत्रिणी परीक्षेचे फॉर्म भरतायत आणि मी खोलीत बसून त्यांच्या टोप्यांना इस्त्री करून देतेय.

तुझी,
रोवेना

⁂

होर्दान, गिमारास
८ मार्च १९९४

प्रिय रोवेना,

आधी माझा गुन्हा सांगते. तुझं निवेदन मंगळवारी आलं आणि मी ते तीन दिवस तांदळाच्या डब्यात दडवून ठेवलं. मनाशी म्हटलं, पोर रागाच्या भरात लिहून बसलीय, आठवड्याने पस्तावेल, डीनना काही कळलेलं नाही, मुदत एकच दिवस उलटलीय, अजून जमेल. नेरिसाला सांगू, निवेदन टपालात हरवलं. तिलाही विसरणं सोपं जाईल. शुक्रवारी भात टाकायला डबा उघडला आणि हातात तुझा कागद आला, तेव्हा कळलं मी काय करत होते ते. पुन्हा कापड घालून बाजूच्या खोलीत नेत होते. कुणाला काय सोसेल ते पुन्हा मीच ठरवत होते. एकोणसाठ वर्षांची झाले, पण खोड काही जाता जात नाही.

त्याच दिवशी जीपनी पकडली. नेरिसा, तिचा नवरा आणि मी असे पाद्रेंकडे गेलो. सासू यायची नाही म्हणाली होती, पण चर्चच्या दारापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली.

पाद्रेंनी तुझं निवेदन दोनदा वाचलं. मला विचारलं, या मुलीला तुम्ही ओळखता का? मी म्हटलं, माझी भाची आहे, आणि ती खोटं लिहीत नाही, खोटं लिहिण्याचा अनुभव आमच्या घरात मला आहे. दवाखान्याचा दाखला त्यांनी शेजारी ठेवला होता. तो घडी करून नेरिसाच्या नवऱ्याला परत दिला. मग मोठी नोंदवही काढली.

बाळाचं नाव, आईबापाचं नाव, जन्माची तारीख, सगळं त्यांनी सावकाश लिहिलं. शेवटचा रकाना होता, बाप्तिस्मा कुणी दिला, नाव आणि हुद्दा. तुझं नाव लिहिलं आणि पेन उचललं. मला म्हणाले, अजून शिकतेय ना ती? मग विद्यार्थिनी लिहितो.

मी हो म्हणणारच होते. सवय, दुसरं काय. कागदावर जे असेल ते बरोबर.

तेवढ्यात नेरिसा बोलली. ‘त्या खोलीत पांढऱ्या कपड्यातल्या पुष्कळजणी होत्या, पाद्रे. नर्स एकच होती. नर्स लिहा.’

पाद्रेंनी माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षं मी मुलींच्या डोक्यावर टोप्या चढवल्या, कोण नर्स झाली आणि कोण नाही ते माझ्या सहीने ठरत होतं. मी म्हटलं, ती बरोबर सांगते, लिहा. त्यांनी लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली. नेरिसाला वाचता येतं. तिने सगळी ओळ बोट फिरवून वाचली.

दुपारी पेटी भिंतीच्या आत आणली. नवऱ्याने खणलं, गावातले दोघे मदतीला आले. सासू बाहीने डोळे पुसत होती आणि येईल त्याला सांगत होती, आमची बासिलिसा अकरा मिनिटं होती बरं का.

डीनचं पत्र मलाही आलंय. तुझं वर्ष गेलं. जूनपासून पुन्हा चौथं वर्ष, पुन्हा कोरं कार्ड, आणि वर ती करुणेची दहा मार्कांची चाचणी. माझा संताप झालाय आणि तो मी गिळणार नाही. शाळा उघडेल त्या दिवशी मी डीनच्या दारात येऊन बसणार आहे, पान अकरा फाडेपर्यंत. तू मात्र परत जा आणि वर्ष पुरं कर. त्यांच्या हातात सोडून देण्याइतकं ते काम हलकं नाही.

कॉलेज तुला नर्स म्हणेल पुढच्या वर्षी. नुएवा व्हालेन्सियाच्या चर्चच्या वहीत तू तेरा जानेवारीपासून नर्स आहेस.

तुझी तिया,
पुरिंग